हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाज आणि डोक्याचं गदागदा हलणं: मोठी काच घेण्याआधी हे वाचा

पुण्याहून कोल्हापूरला बाईकवर जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, काय दुखतंय, तर बरेच जण पाठीच्या आधी डोकं आणि मान सांगतात. डोकं जड, मान आखडलेली, कानात बारीक कूं असा आवाज चालूच, समोरचा बोलतो ते दोनदा विचारावं लागतं. लोक त्याला प्रवासाचा शीण म्हणतात आणि झोपून जातात. पण यातला बराचसा शीण वाऱ्याचा असतो आणि तो कमी करता येतो, फार पैसे न घालता. अडचण अशी होते की बहुतेक जण पहिला उपाय करतात तो म्हणजे दुकानात जाऊन मिळेल ती सगळ्यात उंच विंडस्क्रीन, म्हणजे हँडलच्या पुढे लावायची काच, बसवणं, आणि मग छातीवरचा वारा जातो खरा पण हेल्मेट आधीपेक्षा जास्त हलायला लागतं आणि आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. मग म्हणतात कंपनीने डिझाईनच चुकवलंय. तसं नसतं, किंवा नेहमीच तसं नसतं, म्हणून आधी हे होतं कसं ते समजून घेऊ.

वारा दोन प्रकारे त्रास देतो आणि हे दोन त्रास वेगळे धरायचे. एक म्हणजे सरळ दाब. दुसरा म्हणजे फुटलेला, घुसळलेला वारा.

सरळ दाबाचं गणित सोपं आहे, वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी १०० किमीला समोरून येणारी हवा दर चौरस मीटरला साधारण ४६-४७ किलो वजनाएवढी ढकलते. सरळ बसलेल्या माणसाची छाती, खांदे आणि डोकं मिळून ढोबळमानाने ०.४ चौरस मीटर धरलं तर अंगावर अठरा-एकोणीस किलोचा रेटा येतो. तोच ६० ला सात किलोच्या आत असतो. म्हणजे काच नसलेल्या बाईकवर ६० ला आरामात बसलेला माणूस १०० ला हँडल धरून लोंबकळायला लागतो आणि तासाभरात मनगटं आणि खांदे बोलायला लागतात. आणि इथे मोजायचा तो वेग रस्त्याचा नाही, हवेचा. स्पीडोमीटर ८० दाखवतोय आणि समोरून २० चा वारा वाहतोय तर तुमच्या अंगासाठी तो १००च आहे, म्हणूनच कधी कधी जाताना बाईक गप्प असते आणि त्याच रस्त्याने येताना नको नको होतं.

पण खरं सांगायचं तर हा सरळ दाब माणूस सहन करू शकतो. तो एकसारखा असतो, शरीर त्याच्यावर रेलून घेतं. थकवणारा वारा तो दुसरा, फुटलेला.

पावसाळ्यात भरलेल्या नदीवरच्या पुलावर उभं राहून खांबाच्या खालच्या अंगाला बघा. खांबाच्या वरच्या बाजूला पाणी सरळ येतं, पण खांब ओलांडला की मागे भोवरे सुटतात, एक डावीकडून, एक उजवीकडून, पुन्हा डावीकडून, असे आलटून पालटून. हवेचंही अगदी हेच होतं. थिओडोर फॉन कार्मान या शास्त्रज्ञाने १९११-१२ च्या सुमारास या भोवऱ्यांच्या रांगेचं गणित मांडलं आणि आजही ती रांग त्याच्या नावाने ओळखली जाते. तुमच्या विंडस्क्रीनची वरची कड म्हणजे त्या खांबाची कड. हवा स्क्रीनवरून घसरत वर येते, कडेपाशी सुटते आणि तिच्या मागे भोवरे तयार होतात. ते भोवरे तुमच्या डोक्याच्या वरून निघून गेले तर शांतता, छातीवर आदळले तर चालतंय, आणि नेमके हेल्मेटवर आदळले तर डोकं हलतं. यालाच बफेटिंग म्हणतात.

किती वेळा हलतं याचाही अंदाज काढता येतो. भोवरे सुटण्याची गती म्हणजे ढोबळमानाने हवेचा वेग भागिले अडथळ्याची रुंदी, गुणिले ०.२. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर, स्क्रीन ४० सेंटीमीटर रुंद धरा, उत्तर येतं सेकंदाला चौदा. अर्थात खऱ्या बाईकवर हे इतकं स्वच्छ नसतं कारण आरसे, हँडगार्ड, टाकी, तुमचे खांदे सगळेच आपापले भोवरे सोडत असतात, पण सेकंदाला दहा-पंधरा धक्के हा अंदाज धरून चालायला हरकत नाही. आता विचार करा, दीड किलोचं हेल्मेट घातलेलं डोकं कुणीतरी सेकंदाला दहा-पंधरा वेळा टपल्या मारून हलवतंय आणि मानेचे स्नायू प्रत्येक टपलीला ते सरळ धरायचा प्रयत्न करतायत, तेही चार-पाच तास. मान आखडणार नाही तर काय होईल. आणि नजरही ठरत नाही, लांबचा बोर्ड थरथरल्यासारखा दिसतो, खड्डा उशिरा दिसतो, म्हणून हा नुसता आरामाचा प्रश्न नाहीये.

स्क्रीनच्या बाबतीत अजून एक गोष्ट होते जी दिसत नाही. उंच आणि खालून बंद असलेल्या स्क्रीनच्या मागे हवा कमी पडते, म्हणजे दाब कमी होतो, आणि ती पोकळी भरायला हवा आजूबाजूने, खालून, आणि हो, तुमच्या पाठीमागूनही आत ओढली जाते. मोठी काच लावल्यावर कुणीतरी मागून पाठीवर हलकं ढकलतंय असं वाटतं, जॅकेटची कॉलर मानेवर फडफडते, ते यामुळेच. काच जितकी मोठी तितकं हे जास्त जाणवतं.

आता आवाज. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण मान दोन दिवसात बरी होते, कान होत नाहीत.

हेल्मेटच्या आत मोजलेले आकडे बघितले तर ताशी ६० च्या आसपासच आवाज ९० डेसिबलच्या घरात जातो आणि १६० ला ११० च्या पुढे. मधलं गणित केलं तर ८० ला साधारण ९५ आणि १०० ला १०० च्या आसपास. हेल्मेट आणि बाईकनुसार पाच इकडे-तिकडे होईल पण घर तेच. डेसिबलमध्ये लोक फसतात कारण ९० आणि १०० मध्ये फरक दहाचाच दिसतो, प्रत्यक्षात आवाजाची ताकद दहापट असते. अमेरिकेच्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे की ८५ डेसिबलमध्ये आठ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, आणि १०० ला पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं! कात्रजचा बोगदा ओलांडून शिरवळ यायच्या आत तुमचा दिवसाचा कोटा संपलेला असतो.

कानाच्या आत ज्या सूक्ष्म केसांच्या पेशी असतात त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. राईडनंतर कान बंद झाल्यासारखे वाटणं, सकाळपर्यंत ठीक होणं, हे म्हणजे पेशी दमल्याची खूण. वारंवार दमवल्या की एक दिवस सकाळी ठीक होत नाहीत आणि तो कूं आवाज कायमचा मुक्कामाला येतो. जे लोक वीस-वीस वर्षं टूर करतायत त्यांच्याशी बोला, त्यातल्या कितीतरी जणांना शांत खोलीत शिट्टी ऐकू येते. म्हणून मी हे इतकं जीव तोडून सांगतोय.

आणि हा आवाज सायलेन्सरचा नाही. साठ-सत्तरच्या पुढे वारा इंजिनला मागे टाकतो. वाऱ्याचा असा आवाज वेगाच्या जवळजवळ सहाव्या घाताने वाढतो, म्हणजे १०० वरून ८० वर आलात तर आवाज पाच-सहा डेसिबलने उतरतो आणि वरच्या हिशोबाने कानांना तीन-चार पट वेळ मिळतो. चार पदरी दुभाजकवाल्या रस्त्यावर २०१८ पासून बाईकची कमाल मर्यादा तशीही ८०च आहे, आणि एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर आपल्याला घेतच नाहीत, तर ८० च्या आत चालवणं हा आवाज कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. पेट्रोलही वाचतं.

आवाज आत शिरतो कुठून? बहुतेकांना वाटतं हेल्मेटच्या काचेच्या फटीतून किंवा वरच्या व्हेंटमधून, म्हणजे हवेच्या झरोक्यातून. थोडा तिथूनही येतो. पण ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात वाऱ्याच्या बोगद्यात (विंड टनेल, जिथे पंख्याने वारा सोडून चाचणी करतात) हेल्मेटं ठेवून अभ्यास झाला त्यात मुख्य जागा सापडली ती हेल्मेटच्या खाली, हनुवटीच्या पट्टीजवळ. म्हणजे मानेपाशी जी उघडी कड आहे तिथे हवा घुसळते आणि तो आवाज सरळ आत कानापर्यंत जातो. हे लक्षात ठेवा कारण याच्यावरून पुढचे निम्मे उपाय ठरतात.

तर उपायांकडे. पण आधी तपासणी, आणि ही फुकट आहे. सपाट, मोकळा, सरळ रस्ता बघा, सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, सत्तरच्या आसपास एकसारखा वेग धरा. मग एक एक करा. आधी सीटवरून चार-पाच इंच वर उठा, फूटपेगवर उभं राहिल्यासारखं. वर गेल्यावर हेल्मेट हलायचं थांबलं आणि आवाज एकसुरी झाला, मोठा पण एकसुरी, तर तुम्ही स्वच्छ हवेत गेलात, म्हणजे भोवरे तुमच्या डोक्याच्या खाली राहिले. आता उलट करा, खाली वाका, हनुवटी टाकीकडे न्या. इथे शांत झालं तर स्क्रीनच्या सावलीत आलात. तुमचं नेहमीचं डोकं या दोन शांत थरांच्या मध्ये, नेमकं कडेवर आहे, आणि किती इंचावर शांतता आहे हे आता तुम्हाला कळलं. दोन इंच खाली वाकल्यावर शांत होत असेल तर स्क्रीन दोन इंच उंच हवी. दोन इंच वर उठल्यावर होत असेल तर स्क्रीन छोटी करा किंवा काढून टाका. हो, काढून टाका, यात लाज वाटायचं काहीच कारण नाही, जगात कितीतरी जुने टूरर लोक छोटी काच लावून किंवा न लावता, चांगलं हेल्मेट आणि इअरप्लग घालून फिरतात कारण त्यांना छातीवर वारा चालतो पण डोक्यावर भोवरे चालत नाहीत.

दुसरी तपासणी डाव्या हाताची. रस्ता रिकामा असेल तरच, दोन सेकंदांसाठी, तळहात उभा धरून काचेच्या कडेच्या मागे, मग हनुवटीखाली, मग टाकी आणि हँडल यांच्या मधल्या फटीवर न्या. वारा खालून वर येताना लागला तर समजा की तुमचा त्रास काचेवरून नाही, खालून येतोय. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या दोन नळ्यांच्या मधून, हेडलाईटच्या खालून हवेचा झोत वर चढतो आणि सरळ हेल्मेटच्या त्या उघड्या कडेत घुसतो. ॲडव्हेंचर बाईकवर हे खूप असतं कारण त्यांचा पुढचा भाग उंच आणि मोकळा असतो. अशा वेळी तुम्ही वर कितीही मोठी काच लावा, काहीही फरक पडणार नाही, आणि लोक दोन-दोन तीन-तीन स्क्रीन बदलतात ते या एका कारणामुळे. उपाय खाली आहे, फोर्कच्या मध्ये किंवा टाकीच्या दोन्ही बाजूंना छोटे पडदे लावणं.

तिसरी तपासणी मजेशीर आहे. घरातली लोकर घ्या, बोटभर लांबीचे तुकडे कापा, आणि स्क्रीनच्या आत-बाहेर, कडेला, टाकीवर, हेल्मेटच्या खालच्या कडेला चिकटपट्टीने लावा. मित्राला शेजारून बाईकवर यायला सांगा आणि त्याच्या मागे बसलेल्याला व्हिडिओ काढू द्या. जिथे लोकर सरळ मागे पडलेली तिथे हवा स्वच्छ, जिथे वेड्यासारखी गोल फिरते तिथे भोवरा, आणि जिथे उलटी पुढे वळलेली दिसते तिथे ती पोकळी. विमानांच्या चाचणीत आजही हीच युक्ती वापरतात, म्हणजे तुम्ही काही जुगाड करताय असं समजू नका.

एवढं कळलं की मग काच.

मोटारसायकलच्या काचेचा असा अभ्यास खूप जुना आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत क्रेग व्हेटरचं विंडजॅमर फेअरिंग, म्हणजे बाईकच्या पुढचं काचेसकटचं आवरण, कुठल्याही बाईकला बसवता यायचं म्हणून प्रचंड खपलं, आणि १९७६ ला बीएमडब्ल्यूने आर१००आरएस ही बाईक आणली जिचं पूर्ण फेअरिंग इटलीत पिनिनफरीनाच्या वाऱ्याच्या बोगद्यात घासूनपुसून ठरवलं होतं. पण बोगद्यात बसवलेला माणूस एका उंचीचा आणि तुम्ही वेगळ्या उंचीचे, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत आहेच. पाच फूट पाच इंचाला जी काच स्वर्ग वाटते तीच सहा फुटी माणसाच्या नाकावर भोवरे सोडते. म्हणून मोठ्या टुरिंग बाईकवर बटणाने वरखाली होणारी काच आली. आपल्याकडच्या बजेटमध्ये ते नसतं, पण केटीएम ३९० ॲडव्हेंचरची काच बोल्ट काढून दोन उंचीवर लावता येते, सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५० च्या काचेला तीन जागा होत्या, आणि गंमत म्हणजे कितीतरी मालकांना हे माहीतच नसतं, शोरूममधून आली तशी चालवत राहतात. मॅन्युअल उघडून बघा आधी.

उंची किती? काचेची वरची कड तुमच्या नजरेच्या रेषेच्या खाली हवी, साधारण नाकाच्या किंवा ओठाच्या पातळीत, म्हणजे तुम्ही काचेवरून बघता, काचेतून नाही. हवा कडेवरून सुटताना वरच उडते त्यामुळे काच डोक्याएवढी उंच असायची गरज नसते. आणि काचेतून बघायची वेळ आपल्याकडे येऊच देऊ नये असं माझं ठाम मत आहे. कोकणात जुलैच्या पावसात रात्री समोरून येणाऱ्या ट्रकचा अप्पर, काचेवर थेंब, काचेवर वर्षभराचे ओरखडे, आणि हेल्मेटच्या काचेवरही थेंब, असे दोन पडदे झाले की रस्ता दिसायचा बंद होतो. वारा परवडला.

उंचीपेक्षाही कोन आणि फट या दोन गोष्टींनी जास्त फरक पडतो हे लोकांना पटत नाही. काच जास्त उभी केली तर हवा जास्त वर उडते पण मागे पोकळी मोठी होते आणि भोवरे दणकट होतात. काच मागे झुकवली तर हवा नरम सुटते पण खाली राहते. दोन्हीच्या मधली जागा प्रत्येकाची वेगळी, आणि ती शोधायला काचेच्या बोल्टखाली रबरी वॉशर किंवा छोटे स्पेसर घालून बघता येतं, वरच्या बोल्टला घातले तर काच उभी होते, खालच्याला घातले तर झुकते. लांब बोल्ट घ्या, जेमतेम धरणारे नको, आणि काच फार आवळू नका, तडा जातो.

फट म्हणजे काचेच्या खालच्या कडेखाली दोन-तीन सेंटीमीटरची मोकळी जागा. तिथून थोडी हवा आत सोडली की ती मागची पोकळी भरते, आणि आतून-बाहेरून दोन्हीकडून हवा वाहत असल्यामुळे वरच्या कडेवरचे भोवरे मऊ पडतात. हार्लेने २०१४ पासून त्यांच्या मोठ्या टुरिंग गाड्यांच्या फेअरिंगमध्ये स्प्लिटस्ट्रीम नावाची झडप दिली ती याच कारणासाठी, डोक्याचं हलणं कमी करायला. म्हणजे वारा कमी करण्यासाठी थोडा वारा आत घ्यायचा. पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं पण करून बघा, मोठी काच ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांच्यासाठी हाच पहिला प्रयोग. आणि उन्हाळ्यात याचा दुसरा फायदा असा की मे महिन्यात सोलापूर-विदर्भाकडे जाताना बंद काचेच्या मागे माणूस इंजिनच्या गरमीत शिजतो ते जरा कमी होतं.

नवीन काच घ्यायच्या आधी कडेला लावायचा क्लॅम्पवाला छोटा स्पॉयलर बघा. गिव्ही, पुइग, एमआरए असे बाहेरचे ब्रँड आहेत आणि त्यांच्यासारखे दिसणारे स्वस्त तुकडे ऑनलाईन खंडीभर मिळतात. याची मूळ काचेपासून उंची आणि कोन दोन्ही बदलता येतं आणि दोघांच्या मधून हवा जायला फट राहते, म्हणून तेवढ्याच उंचीच्या एकसंध काचेपेक्षा हा बऱ्याचदा चांगला चालतो. स्वस्तातला घेतलात तर एक नक्की करा, क्लॅम्पच्या स्क्रूला थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा आणि तुकड्याला बारीक दोरीने बांधून ठेवा, खंबाटकीच्या उतारावर तो सुटून तोंडावर यायला नको. आणि काच असो वा स्पॉयलर, पेट्रोल, थिनर किंवा घरातल्या खिडक्यांचा अमोनियावाला स्प्रे लावून पुसू नका, ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट दोन्हीला बारीक जाळीसारखे तडे जातात. भरपूर पाणी, साधा साबण, मऊ कापड.

बजाज डॉमिनार ४०० ला २०२१ मध्ये कंपनीनेच उंच काच, हँडगार्ड वगैरे लावून द्यायला सुरुवात केली, रॉयल एनफिल्डच्या मिटिओरला काच ॲक्सेसरी म्हणून मिळते. कंपनीच्या काचा बहुधा मध्यम उंचीच्या असतात आणि मला वाटतं ते बरोबर आहे. बाहेरच्या फॅब्रिकेटरकडून दीड फुटाचा पत्रा लावल्यासारखी काच करून घेण्याआधी जाड पुठ्ठा किंवा सनबोर्ड तेवढ्या आकाराचा कापून, काचेला टेपने घट्ट लावून कमी वेगाने एक चक्कर मारून या. पन्नास-साठलाच फरक कळतो. नजरेच्या आड येईल असा लावू नका फक्त.

आता हेल्मेट, ज्याच्यावर खरं तर पहिले पैसे जायला हवेत.

सैल हेल्मेट हे अर्ध्या तक्रारींचं मूळ आहे. गालांना घट्ट, हेल्मेट हलवलं की गालाची कातडी सोबत हलली पाहिजे. दोन वर्षांत आतला फोम बसतो आणि तेच हेल्मेट सैल होतं, बऱ्याच मॉडेलचे गालाचे पॅड वेगळे मिळतात ते बदला. मग खालची बाजू. हनुवटीखालचा कापडी पडदा, चिन कर्टन म्हणतात तो, हेल्मेटसोबत आला असेल आणि बॉक्समध्येच पडला असेल तर काढून लावा. गळ्याभोवती जाडसर बफ किंवा नेक ट्यूब अशी घाला की हेल्मेटच्या कडेची फट भरेल. बाथच्या त्या अभ्यासात जागा तीच सापडली होती, आणि शंभर-दीडशे रुपयांच्या कापडाने एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. जॅकेटची कॉलर बंद ठेवा, उघडी कॉलर हेल्मेटवर फटफट वाजते आणि माणूस हेल्मेटला दोष देतो.

हेल्मेटच्या काचेच्या रबराला वर्षातून एकदा सिलिकॉन ग्रीस लावा, काच नीट बसते आणि शिट्टी जाते. शिट्टी कुठून येते ते शोधायला एकेक व्हेंट टेपने बंद करून बघा. ॲडव्हेंचर हेल्मेटची पुढची टोपी दिसते छान, पण हायवेवर ती डोकं वर उचलते आणि मान वळवली की बाजूला ओढते, बहुतेकांची चार स्क्रूंनी निघते, लांबच्या रस्त्याला काढून ठेवा. हनुवटीला लावलेला ॲक्शन कॅमेरा आणि कानाबाहेर आलेला इंटरकॉमचा डबा हेसुद्धा खांबच आहेत, आपले भोवरे आपणच कानाशी चिकटवून घेतलेले.

आणि इअरप्लग. एवढं सगळं करूनही आतला आवाज ८५ च्या खाली आणणं कठीणच, म्हणून फोमचे साधे प्लग. पाकिटावर तीसच्या वरचा आकडा असतो, प्रत्यक्षात नीट बसवले तर पंधरा-वीस डेसिबल तरी कमी होतात, आणि कानांना मिळणारा वेळ मिनिटांवरून दिवसभरावर जातो. नीट बसवले तर, हे महत्त्वाचं. बोटांनी गोल वळून बारीक काडी करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वरच्या बाजूने धरून वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नुसता तोंडाशी खोचलेला प्लग हेल्मेट घालताना निघतो. घाण झाला की फेकून द्या.

लोकांची भीती असते की हॉर्न ऐकू येणार नाही. होतं उलट. वाऱ्याच्या गोंगाटात हॉर्न आधीच बुडालेला असतो, प्लगने दोन्ही सारखेच खाली येतात आणि कान दमत नाही, त्यामुळे ट्रकचा हॉर्न आणि स्वतःचं इंजिन उलट स्पष्ट कळतं. गावात, बाजारपेठेत शिरताना काढायचे असतील तर काढा. पण प्लगच्या जागी इअरफोन घालून वाऱ्यावर मात करायला गाणी मोठी करणं हे अजिबात करू नका, १०० डेसिबलच्या वर अजून आवाज ओतताय तुम्ही.

मागे बसणाऱ्याचं कुणी बोलत नाही. पिलियन सीट वर असते, डोकं तुमच्यापेक्षा उंच, म्हणजे ज्या काचेने तुम्हाला शांत केलं तिचे भोवरे बऱ्याचदा मागच्याच्या तोंडावर जातात, वर तुमच्या हेल्मेटचे वेगळे. बायको किंवा मैत्रीण म्हणते मला डोकं दुखतंय तर ते खरं असतं. काच बदलल्यावर तिलाही विचारा आणि तिलाही प्लग द्या, आणि तपासणी दोघांनी बसून करा कारण मागे माणूस बसला की सस्पेन्शन दबतं, बाईकचं नाक वर येतं आणि काचेचा कोनच बदलतो. याच कारणाने लांब टूरला सामान भरलं की मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, वाढवा. मोठा टॉप बॉक्स शक्यतो पुढे, पिलियनच्या पाठीला लागून, आणि जड वस्तू त्यात न भरता खाली सॅडलबॅगमध्ये.

राहिला दुसऱ्यांनी फोडलेला वारा. कंटेनरच्या किंवा एसटीच्या मागे पंचवीस-तीस मीटरवर चालवताना जे डोकं हलतं त्याला तुमची कुठलीही काच उपाय नाही, अंतर वाढवा किंवा ओलांडून पुढे जा. ओलांडताना त्याच्या केबिनच्या पुढे निघालात की बाजूने एकदम वारा धडकतो, तो येणार हे धरून चला. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा आणि पुणे-कोल्हापूर रस्ता उत्तर-दक्षिण, म्हणजे वारा कायम बाजूने, साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची एवढी गर्दी आहे ती या वाऱ्यामुळेच. अशा वाऱ्यात मोठी उभी काच शीडासारखी ओढते आणि ती हँडलवर बसवलेली असेल तर सरळ स्टिअरिंगच ओढते, म्हणून हँडलला लावायच्या काचा छोट्या बऱ्या. गुडघ्यांनी टाकी धरा, हात सैल सोडा. हँडल आवळून धरलं की अंगावर बसणारा प्रत्येक धक्का हातांतून पुढच्या चाकाकडे जातो आणि बाईक डुलायला लागते, हात सैल असले तर तीच बाईक थोडी झुकून आपली आपण सरळ चालत राहते.